आण्णांसाठी सॅटेलाइट रेडिओ घ्यावा का?

(सोसायटीच्या ग्रुपवरून; नावाआधी फ्लॅटचा नंबर)

302 ताई: नमस्कार मंडळी, जळगावात सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे पैसे भरून उपग्रहावरून ऐकायचा रेडिओ, चालतो का, कोणाला माहिती आहे का? माझा भाचा दिवाळीला अमेरिकेहून येतोय. त्याच्या गाडीत तो रेडिओ आहे. म्हणतो, "मावशी, आण्णांसाठी एक सेट घेऊन येतो, वर्षाचे पैसेही मीच भरतो." आण्णांना काचबिंदूमुळे आता टीव्ही दिसत नाही, दिवसभर रेडिओच असतो उशाशी. पण घरात इतकी खरखर येते की बिचारे सेट कानाला लावून बसतात. भाच्याला आज रात्री कळवायचंय.

501 दादा: ताई, रेडिओ कशाला? फोनवर आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप घ्या. फुकट आहे.

302 ताई: दादा, ते करून पाहिलं. त्यांना स्क्रीन दिसत नाही. बोट जरा इकडेतिकडे लागलं की भलतंच काही उघडतं आणि मग हाका मारत बसतात. त्यांना फिरवायचं बटण लागतं.

104 जिभाऊ: रेडिओ ऐकाले बी पैसा लागतस का आते?

104 जिभाऊ: पण खरं सांगू का, आधीही लागायचेच. आमचे बाबा अमळनेरच्या पोस्टात दरवर्षी रेडिओच्या लायसनचे पैसे भरायचे. छोटंसं पुस्तक होतं, त्यात तिकिटं चिकटवायचे. एक वर्ष भरायचं राहिलं तर आई म्हणायची, पोलीस येतील. ऐंशीच्या दशकात ते लायसन बंद झालं.

202 काका: ताई, भाच्याला आत्ताच कळवा, सेट आणू नकोस. तिथला सेट इथे एक शब्दही बोलणार नाही. मी दूरसंचार खात्यात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेत ही सेवा सिरियस एक्सएमची. आधी सिरियस आणि एक्सएम अशा दोन कंपन्या होत्या, 2008 मध्ये एक झाल्या. त्यांच्या उपग्रहांचा झोत अमेरिका-कॅनडाकडे वळवलेला आहे. सेट त्याच लहरींसाठी बनवलेला, आणि पैसे भरले की वरून त्या सेटच्या नंबरला परवानगी जाते. आपल्याकडे तो सिग्नलच पोचत नाही, मग परवानगी कोणाला जाणार?

आपल्याकडे वर्ल्डस्पेस नावाची तशीच सेवा होती. त्यांचा एशियास्टार उपग्रह मार्च 2000 मध्ये सुटला. विषुववृत्तावर 105 अंश पूर्वेला, म्हणजे जळगावहून आग्नेयेला. मी 2006 ला सेट घेतला होता. सोबत पाटीएवढा चपटा अँटेना यायचा, तो खिडकीत आग्नेयेकडे तोंड करून ठेवायचा. गंधर्व नावाची हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची वाहिनी होती. पहाटे तंबोरा सुरू झाला की खोलीत कोणी बसून वाजवतंय असं वाटायचं. जाहिरात नाही, खरखर नाही. त्या पैशांचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पुढे खिडकीसमोरचा कडुनिंब वाढला आणि पावसाळ्यात पानं दाट झाली की आवाज तुटायचा. अँटेना गच्चीवर नेला, सत्तर फूट वायर ओढली.

कंपनीने 2008 मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली आणि 31 डिसेंबर 2009 ला भारतातली सेवा बंद पडली. सेट अजून माळ्यावर आहे. चांगल्या अवस्थेत आहे, पण त्याच्यावर दुसरं काहीच लागत नाही.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या पाणी एक दिवस उशिरा आहे. टाक्या आज भरून ठेवा.

403 काकू: माझा मुलगा टेक्सासला आहे. तिथे आम्ही डॅलसहून एल पासोला गाडीने गेलो होतो, हजारेक किलोमीटर. वाटेत मैलोनमैल वस्ती नाही. साधं एफएम थोडं पुढे गेलं की विरून जायचं. सॅटेलाइटवरची वाहिनी मात्र निघताना लावली ती पोचेपर्यंत तीच. रोज दोन-दोन तास गाडीत असणाऱ्याचे ते पैसे वसूल होतात, असं मुलगा म्हणतो. सुनेचं ऑफिस दहा मिनिटांवर, तिने नाही घेतलं. तिथे गाडीसोबत काही महिने फुकट मिळतं आणि मग पैसे भरा म्हणून पत्रं येतात. ताई, भाच्याला विचारा तो रोज किती वेळ गाडीत असतो.

501 दादा: मग आण्णांसाठी स्मार्ट स्पीकर? तोंडाने सांगायचं, विविध भारती लाव. बटणच नको. आणि गाण्याच्या ॲपचं सबस्क्रिप्शन घेतलं की जाहिरातीही नाहीत.

104 जिभाऊ: दादा, सबस्क्रिप्शनचं जपून. माझ्या पेन्शनच्या खात्यातून एका ॲपचे पैसे सात महिने कटत होते, नाव घेत नाही. नातवाने गाण्यांसाठी सुरू केलेलं, तो पुण्याला गेला, ऐकणारं कोणी नाही. पासबुक भरायला गेलो तेव्हा कळलं. पैसे थोडे होते, पण मला फार लागलं. न ऐकलेल्या गाण्यांचे पैसे भरत होतो.

202 काका: जिभाऊ, ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, असे पैसे कापायच्या आधी किमान 24 तास सूचना आली पाहिजे. तो मेसेज वाचत जा. आणि युपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडलं की चालू असलेले सगळे आदेश दिसतात, तिथूनच बंद करता येतात. ग्रुपवरच्या सगळ्यांनीच आज एकदा उघडून बघा.

ताई, तुम्हाला उपग्रहावरूनच हवं असेल तर डीडी फ्री डिश आहे. 2004 पासून चालू आहे, महिन्याचं काही नाही. त्यात टीव्हीबरोबर आकाशवाणीच्या बऱ्याच वाहिन्या येतात, विविध भारतीही येते. मला डिश आणि डब्बा मिळून 1,800 रुपये पडले. डब्ब्याच्या लाल-पांढऱ्या पिना छोट्या स्पीकरला जोडा, टीव्ही बंद राहिला तरी चालतं. मुसळधार पावसात थोडा वेळ जाईल, तेवढं धरून चाला.

302 ताई: काका, आण्णा रिमोट कसा वापरतील?

403 काकू: बहुतेक रिमोटवर पाचच्या आकड्याला उंचवटा असतो, बोटाला लागतो. माझ्या सासूबाईंसाठी मी रेडिओच्या बटणावर टिकली चिकटवली होती. झिजली की नवीन. त्यांना शेवटपर्यंत कोणाला हाक मारावी लागली नाही.

202 काका: पण ताई, एक विचारायचं राहिलं. आण्णा ऐकतात काय?

302 ताई: सकाळी जुनी गाणी लागली तर ऐकतात. पण मुख्य म्हणजे जळगाव केंद्र. शेतीचं, हवामान, अहिराणी गाणी. रावेरकडचा मळा विकून दहा वर्षं झाली, तरी केळीचा भाव कळला नाही तर जेवताना चिडचिड करतात. भाव पडला तर मग जेवतच नाहीत नीट.

202 काका: मग तर माझं उत्तरच बदललं. गाणी उपग्रहावरून कितीही मिळतील. पण उपग्रहाची वाहिनी एका वेळी अर्ध्या आशियाला ऐकू जाते. रावेरच्या केळीचा भाव तिथे कोण सांगणार? तो सांगतं आपलं केंद्र, जमिनीवरच्या टॉवरवरून. वर्षाचे पाच हजार भरले तरी आण्णांना हवं ते त्यात नसणार.

तुमचा खरा प्रश्न खरखरीचा आहे. लाइट गेल्यावर रेडिओ स्वच्छ लागतो का?

302 ताई: हो! परवा दुपारी लाइट गेली तेव्हा आण्णा म्हणाले, आता बघ कसा बोलतोय. मला वाटलं उगाच.

202 काका: उगाच नाही, त्यांचे कान बरोबर आहेत. आपलं केंद्र मीडियम वेव्हवर लागतं, आणि त्या लहरींना एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांचा त्रास होतो. उशाशी काय काय आहे?

302 ताई: उशाशी चार्जर, वर एलईडी ट्यूब, भिंतीपलीकडे इन्व्हर्टर.

202 काका: तिन्ही वैरी एका जागी. आता एवढं करा. सेट सेलवर चालवा, प्लगवर नको. चार्जर दुसऱ्या खोलीत. सेट खिडकीत ठेवा आणि हळूहळू गोल फिरवा. मीडियम वेव्हचा अँटेना वरची दांडी नाही, ती एफएमची. मीडियमचा आत असतो, काळी फेराइटची कांडी, तार गुंडाळलेली. तिला दिशा असते. एका कोनात केंद्र मोठं होतं, एका कोनात खरखर पडते. तो कोन सापडला की खडूने खूण करा.

104 जिभाऊ: आमचे बाबा रेडिओ आडवा-उभा करत बसायचे, आम्ही हसायचो. आज कळलं कशासाठी ते.

302 ताई (दुसऱ्या दिवशी): काका, खिडकीत ठेवला. आण्णांनीच फिरवला, मला हात लावू दिला नाही. तुळशीच्या कुंडीकडे पाठ केली की आवाज मोकळा होतो. खरखर पूर्ण गेली नाही, पण कानाला लावायची गरज नाही. भाच्याला कळवलं, सेट नको, चांगले सेल आण. तो रोज दीड तास गाडीत असतो, त्यामुळे स्वतःचं चालू ठेवतोय, पण वर्षाचं न भरता महिन्याचं. फ्री डिशचं दिवाळीनंतर बघू, जुन्या गाण्यांसाठी.

आण्णा खुर्ची ओढून खिडकीशी बसलेत. बाजारभाव लागलेत, बाकीचं नंतर लिहिते.