मोंटे कार्लो रॅली बघायला जायचंय, नक्की कुठे उभं राहू?

ग्रेनोबलचा_सातारकर

नमस्कार मंडळी. मी नोकरीमुळे दोन वर्षं ग्रेनोबलला आहे. आमचे घरमालक काका पंच्याहत्तरीचे, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये रेनो ८ गॉर्दिनी आहे, निळी, पुढून मागपर्यंत दोन पांढरे पट्टे, फ्रान्समध्ये पूर्वी असायचे तसे पिवळे हेडलाईट. रविवारी सकाळी ती बाहेर निघते तेव्हा मी हजर असतोच. आधी पुढची डिकी उघडून वाळूची गोणी आत टाकतात, कारण इंजिन मागे आणि तोंड हलकं, ओल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघते. मग चोक ओढून चालू करतात आणि दोन-तीन मिनिटं एक शब्द बोलत नाहीत, नुसतं कान देऊन ऐकतात. मला पण आता कळायला लागलंय कुठला आवाज गार इंजिनचा आणि कुठला तयार झालेल्याचा.

मी फॉर्म्युला वनवाला, लहानपणापासून तेच बघत आलो. काका म्हणाले ती गाडी तुला कधी पेट्रोल पंपावर दिसणार आहे का? रॅलीत मात्र ज्या रस्त्यावरून सकाळी पाववाला जातो, शाळेची बस जाते, तोच रस्ता काही तास बंद करून त्यावर शर्यत लावतात, आणि गाडी पण लोकांनी शोरूममधून घेतलेल्या गाडीची सख्खी बहीण. त्यांची गॉर्दिनी १९६४ ला बाजारात आली आणि त्याच वर्षी कॉर्सिकाच्या रॅलीत पहिली आली, हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. २०१८ ला गावाकडच्या रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० केली त्याचा त्यांना अजून राग आहे, पण स्वतः साठने चालवतात आणि प्रत्येक वळण असं घेतात की शेजारी बसलेल्याच्या कपातली कॉफी हलू नये.

तर जानेवारीत त्यांना घेऊन मोंटे कार्लो रॅलीला जायचं ठरवतोय. कोल द तुरिनीच्या खिंडीत जाऊ की गाप गावाच्या बाजूला? आणि या वयाच्या माणसाला तिथली थंडी झेपेल का?

घाटवळण

मी नीसला असतो, तुरिनीला तीनदा उभा राहिलोय. खिंड १६०७ मीटरवर, एका बाजूने सोस्पेलवरून चढायचं आणि पलीकडे ला बोलेन-वेझुबीला उतरायचं, आणि वळणं अशी एकावर एक रचलेली की वरून बघितलं तर खालचे तीन-चार पदर एकदम दिसतात. रात्रीच्या स्टेजला, म्हणजे वेळ लावून पळायच्या बंद रस्त्याच्या तुकड्याला, आधी खालच्या दरीत नुसता उजेड हलताना दिसतो, मग आवाज येतो, मग परत सगळं शांत, आणि एकदम वळणातून गाडी अंगावर आल्यासारखी येते आणि गेली पण. ब्रेक तापल्याचा वास मात्र मागे राहतो बराच वेळ.

पण दरवर्षी रूट बदलतो, तुरिनी असेलच असं नाही, आधी ते बघ. तुला ग्रेनोबलवरून गापच जवळ आहे, शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि वर्ल्ड चॅम्पियन ड्रायव्हर ओजिएचं गाव ते, तिथे माणसं वेगळ्याच जोशात असतात. रस्ता कित्येक तास आधी बंद होतो त्यामुळे गाडी लांब लावून चढ चालावा लागतो, काकांचं वय बघता खालच्या गावाजवळची जागा शोध. वळणाच्या बाहेरच्या बाजूला अजिबात उभं राहू नको, कितीही चांगला फोटो मिळत असला तरी. आत, उंचावर, आणि मार्शल सांगेल तिथेच. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगराळ भागात विंटर टायर नाहीतर चेन लागतेच, तेवढं बघून निघ.

आणि तिथे गेल्यावर टायरकडे लक्ष दे. एकाच स्टेजला खाली कोरडं डांबर, मध्ये ओलं, वर सावलीत काळा बर्फ, म्हणजे डांबरावरचा न दिसणारा पातळ थर, आणि टायर मात्र एकदाच निवडायचे. खिळ्यांचे लावले तर कोरड्यावर खिळे उपटतात, साधे लावले तर वर जाऊन घसरगुंडी. म्हणून स्टेजच्या आधी आइस नोट्सवाले त्याच रस्त्याने जाऊन येतात आणि कुठल्या वळणाला बर्फ आहे ते लिहून आणतात. माझ्या मते अख्ख्या रॅलीतलं सगळ्यात भारी काम ते आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

नोट्सवाली

बोलायचंच तर शेजारच्या सीटबद्दल बोला ना, तिथे बसून सहचालक पुढचं प्रत्येक वळण नोट्समधून ड्रायव्हरला वाचून सांगतो. १९७३ ला, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली त्या वर्षी, मोंटे कार्लो जिंकली आंद्रुएने आल्पिन ए११० मध्ये, आणि शेजारी होती मिशेल पेती (Petit), तिला सगळे बिश म्हणायचे, बिश म्हणजे हरिणी. त्या वर्षी बुर्झेच्या स्टेजला एवढा बर्फ पडला की शंभराहून जास्त गाड्या बाद ठरवल्या आणि चिडून त्या लोकांनी पुढचा रस्ताच अडवला. अशा गोंधळात शांत आवाजात नोट्स वाचायच्या म्हणजे काय असेल विचार करा. आणि २०२२ ला हीच रॅली फ्रेंच ड्रायव्हर लोब ४७ व्या वर्षी जिंकला, ओजिएचा टायर शेवटून दुसऱ्या स्टेजला फुटला आणि फरक राहिला साडेदहा सेकंदांचा, तेव्हा लोबच्या शेजारी इझाबेल गाल्मिश होती, शाळेत गणित शिकवणारी बाई. मला तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो.

डोंबिवली_फास्ट

काकांचं सख्ख्या बहिणीचं बोलणं एकदम पटलं. आमच्याकडे प्यूजो ३०९ होती, कल्याणला बनलेली, नव्वदच्या दशकातली. बाबांनी एकदा मासिकातला प्यूजो २०५ चा फोटो दाखवून सांगितलं होतं की आपल्या गाडीचे दरवाजे आणि हिचे दरवाजे एकच. १९८५ आणि ८६ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली ती २०५ टर्बो १६ आतून पूर्ण वेगळी, इंजिन मागच्या बाजूला, चारही चाकांना ताकद, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मी शाळेतून आल्यावर तो दरवाजा परत परत उघडून लावायचो, त्या खट्ट आवाजासाठी. काकांना नक्की घेऊन जा, आणि त्यांना सांग कल्याणमध्ये पण प्यूजो बनायची.

ग्रेनोबलचा_सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना प्रत्येक उत्तर वाचून दाखवलं, कल्याणचं ऐकून दोनदा विचारलं खरंच का म्हणून. गापलाच जायचं ठरलं, आणि गॉर्दिनीनेच, पण बर्फ नसला तरच, नाहीतर माझ्या गाडीने. काल त्यांनी जुनी वही काढली, त्यांच्या स्वतःच्या नोट्स, वळण किती अंशाचं ते आकड्यात लिहिलेलं, उजवं ८०, डावं ६०. आता मी ते मोठ्याने वाचायची प्रॅक्टिस करतोय. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे चार वीस म्हणतात, आणि माझी आजी बाजारातून आली की चार विसा म्हणायची, त्यामुळे तो आकडा आता चटकन तोंडात येतो. नव्वदला अजून अडखळतो, आणि तेवढ्यात वळण निघून जातं.