मदत हवी आहे: ताप होता, मग कोलोनोस्कोपी कशाला?

ऐरोलीकर: बाबा, वय ६६. तीन आठवडे ताप येऊनजाऊन होता. ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं (रक्तात जंतू सापडला), इंजेक्शन सुरू केलं, ताप उतरला. आता डॉक्टर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं तपासणं) करा म्हणतात. पोटाची तक्रार काडीचीही नाही! संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी: जंतू कोणता? किती बाटल्यांत वाढला? रिपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा.

नौपाडा_काका: कॅशलेस असेल तर टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीची) मंजुरी आधी घ्या. डिस्चार्जच्या दिवशी चार-चार तास बसवून ठेवतात.

ऐरोलीकर: काका, पैशांचं विचारलंच नाहीये. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस, चारही बाटल्यांत.

सूक्ष्मदर्शी: मग डॉक्टरांचं बरोबर आहे. हाच पूर्वीचा स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस. मोठ्या आतड्यात गाठ किंवा मोठा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) असेल तर तिथल्या अस्तरातून तो रक्तात शिरतो, आणि पोट तोवर दुखतही नाही. नावापुढे 'पाश्चुरियानस' असेल तर पित्ताशय आणि यकृतही बघतात. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला का? हा जंतू हृदयाच्या झडपेवर बसतो. साध्या इकोत झडपेवरची छोटी गाठ निसटते, टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको) लागेल का विचारा. ताप गेला म्हणून इंजेक्शन थांबवू नका, झडपेला लागण असेल तर साधारण चार आठवडे चालतं.

घणसोली९: आधी सीईए (कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) करा. नॉर्मल आलं तर दुर्बिणीची कटकट वाचेल.

सूक्ष्मदर्शी: नाही वाचत! कॅन्सर असूनही सीईए नॉर्मल येतं. हिमोग्लोबिन किती?

घणसोली९: मग सीटी तरी?

सूक्ष्मदर्शी: छोटे पॉलिप सीटीत निसटतात, आणि तपासणीसाठी तुकडा काढायला दुर्बीणच लागते.

ठाणे_पूर्व: क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम या जंतूचंही असंच. जखम नसताना त्याने गॅस गँगरीन (स्नायू सडवणारी लागण) झालं, तर आतडं तपासतात.

ऐरोलीकर: हिमोग्लोबिन ८.९. लोहाची गोळी चालू आहे, इकोस्प्रिनही (रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन). तारीख परवाची मिळालीय.

सूक्ष्मदर्शी: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ६६ वर्षांच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन एवढं कमी, लोह कमी पडल्यामुळे असेल तर तेवढ्यावरही कोलोनोस्कोपी सांगतात. लोहाची गोळी ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. शौच काळं, चिकट होतं, अस्तर दिसत नाही. आजच फोन करून तारखेचं विचारा. इकोस्प्रिन आपल्या मनाने बंद करू नका, सहसा चालू ठेवतात. पेरू, डाळिंब, भेंडी, तीळ आधीचे दोन-तीन दिवस नको. पोट साफ करायच्या पावडरचं पाणी अर्धं आदल्या रात्री, अर्धं पहाटे. नुसतं पातळ झालं म्हणजे झालं नाही, पिवळसर, आरपार दिसेल असं पाणी यायला हवं.

ऐरोलीकर: हो कळवतो. गोळीचं विचारतो आत्ताच.