मदत हवी आहे : मधुमेही बोक्याच्या घरच्या आणि दवाखान्यातल्या साखरेत मोठी तफावत, इन्सुलिनचा डोस कशावरून ठरवावा?

नमस्कार,

आमच्या नऊ वर्षांच्या बोक्याला, मन्याला, मधुमेह असल्याचे निदान होऊन आज १६ दिवस झाले. पावसाळ्याच्या दिवसांतही तो पाण्याच्या भांड्यापाशी बसून असायचा, वाळूत लघवीचे गोळे मुठीएवढे होऊ लागले होते आणि पोटभर खाऊनही चार महिन्यांत त्याचे वजन ६.८ किलोवरून ५.९ किलोवर आले होते. पुढे तो मागच्या पायांच्या पंजांऐवजी घोट्यापर्यंतचा भाग जमिनीला टेकवून चालू लागला, तेव्हा मात्र आम्ही धावत पशुवैद्यांकडे गेलो. रक्तातील साखर ४१२ निघाली. मांजराची साखर नुसत्या भीतीनेही ३०० च्या वर जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी त्या एका आकड्यावर न थांबता लघवी तपासली आणि मागच्या एकदोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणीही केली. त्यातून मधुमेह पक्का झाला. लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे, वाढल्यास घातक ठरणारे पदार्थ) नव्हते, एवढाच काय तो दिलासा. तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात, असे ग्लार्जिन इन्सुलिन प्रत्येकी १ युनिट चालू आहे.

इन्सुलिन आणताना जे घडले ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून आधी सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट, अशा दोन ताकदींच्या मिळतात आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आमची बाटली १०० ची होती आणि दुकानातून सिरिंज मात्र ४० च्या आल्या. त्या सिरिंजवर १ च्या खुणेपर्यंत औषध भरले असते, तर मन्याच्या अंगात १ ऐवजी अडीच युनिट गेले असते. सासूबाई स्वतः बरीच वर्षे इन्सुलिन घेतात, त्यामुळे टोपणाचा रंग पाहूनच त्यांनी मला थांबवले. नवीन लोकांनी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे दर खरेदीला तपासावे, अशी कळकळीची विनंती आहे.

साखर आम्ही घरीच, सासूबाईंच्या ग्लुकोमीटरवर मोजतो. पहिल्या दिवशी सहा वेळा टोचूनही पुरेसे रक्त आले नाही आणि चार स्ट्रिप वाया गेल्या. आता हात बसला आहे. मन्याला खिडकीतल्या त्याच्या नेहमीच्या उशीवरच बसवते, मोज्यात तांदूळ भरून तो कोमट करते, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहते आणि मग अर्धा मिनिट त्याच्या कानाला धरते. कानामागून मोबाइलचा उजेड पाडला की कडेने जाणारी बारीक शीर दिसते. शिरेवर न टोचता शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या पट्टीत टोचले, मागे कापसाचा बोळा धरला आणि आधी तिथे व्हॅसलिनचे बोट फिरवले असेल, तर थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. लगेच बोळ्याने दाबून धरते, नाहीतर कान काळानिळा पडतो. हे झाले की उकडलेल्या चिकनचा एक तुकडा मिळतो हे त्याला इतके पाठ झाले आहे, की मोज्याचा वास आला तरी तो उशीवर येऊन बसतो.

आता मूळ अडचण सांगते. मागच्या रविवारी दिवसभर घरी राहून दर दोन तासांनी साखर मोजली. सकाळी सात वाजता, इन्सुलिनच्या आधी, ३१८ होती. नऊला २७४, अकराला २०१, एकला १४६, तीनला १२८, पाचला १८९ आणि सातला २६२. बुधवारी त्याला तपासणीसाठी नेले. रिक्षात तो सारा रस्ता ओरडत होता आणि दवाखान्यात पाऊण तास दोन कुत्र्यांशेजारी बसावे लागले. दुपारी एकच्या सुमारास तिथे साखर ३७१ निघाली. माझी वही पाहायला डॉक्टरांना त्या गर्दीत वेळ झाला नाही आणि त्यांनी डोस १ वरून २ युनिट करायला सांगितले.

मला तो धीर झाला नाही, म्हणून १ युनिटच देत राहिले. इन्सुलिनच्या आधीचे घरचे आकडे असे आहेत : मंगळवारी सकाळी २७१, बुधवारी सकाळी २४७, संध्याकाळी २०५ (दवाखान्यातून येऊन तो पाच तास झोपला होता), गुरुवारी सकाळी २२१, संध्याकाळी १९६, आणि आज शुक्रवारी सकाळी १३४. लगेच दुसऱ्या कानातून पुन्हा मोजली तर १३९. डॉक्टरांचा फोन लागला नाही, म्हणून आज सकाळचे इन्सुलिन मी दिलेच नाही. तो नेहमीसारखा खेळतो आहे आणि खाणेही व्यवस्थित आहे. सोमवारपासून त्याचे कोरडे दाणे बंद करून ओले खाद्य सुरू केले आहे आणि तेही तो आवडीने खातो.

माझे प्रश्न असे आहेत. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर कमी दाखवतो असे वाचले. एकदा दवाखान्यात एकाच थेंबावर दोन्ही यंत्रे लावली, तेव्हा आमच्यावर ११८ आणि त्यांच्या मांजरांसाठीच्या यंत्रावर १५१ आले होते. मग आमच्या वहीला काही अर्थ उरतो का? आज इन्सुलिन दिले नाही, ते योग्य झाले का? आणि मी सकाळी सव्वाआठ ते संध्याकाळी सहा घराबाहेर असते. रविवारच्या आकड्यांप्रमाणे साखर सर्वांत खाली जाते ती नेमकी दुपारी, जेव्हा घरी फक्त सासूबाई असतात आणि त्यांना हे टोचणे जमण्यासारखे नाही. अशा घरांत लोक काय व्यवस्था करतात? माणसांच्या दंडावर लावतात तो सतत साखर मोजणारा सेन्सर कोणी मांजराला लावला आहे का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद :

ताई, मी पशुवैद्य नाही. आमच्या मांजरीला सहा वर्षांपूर्वी मधुमेह झाला आणि साडेपाच महिन्यांनी तिचे इन्सुलिन बंद करता आले, तेवढ्या अनुभवावरून लिहितो. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

इन्सुलिन दिले नाही हे उत्तम केले. एका वेळचा डोस चुकला तर साखर काही तास चढी राहील, पण आधीच उतरलेल्या साखरेवर इन्सुलिन पडले तर दुपारपर्यंत जिवावर बेतू शकते. आता संध्याकाळी सकाळची भरपाई म्हणून जास्त देऊ नका. पुन्हा कधी आकडा असा अडनिडा आला, तर खायला न देता वीस-तीस मिनिटे थांबून परत मोजा. अन्न नसतानाही आकडा वर जात असेल, तर आधीच्या डोसचा जोर ओसरतो आहे असे समजते, आणि तेव्हा डॉक्टरांना विचारून निर्णय घेता येतो.

तुमची वही नीट वाचली आणि मला खरी गोष्ट तुमच्या एका ओझरत्या वाक्यात दिसते. सोमवारपासून तुम्ही दाणे बंद केले आहेत. दाण्यांत पिष्टमय पदार्थ बरेच असतात, ओल्या खाद्यात सहसा खूप कमी. मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी आहे. खाण्यातले पिष्ट कमी झाले की कित्येक मांजरांची इन्सुलिनची गरज आठवड्याच्या आत घटते. तुमचे इन्सुलिनआधीचे आकडे पाहा : रविवारी ३१८, मंगळवारी २७१, बुधवारी २४७, गुरुवारी २२१, आज १३४. हा उतार एका दिवसाचा नाही. त्यामुळे रविवारचा आलेखही आता जुना झाला, कारण तो दाण्यांवरचा आहे. दवाखान्यातले ३७१ हे रिक्षा आणि कुत्र्यांचे आहेत असे मला वाटते. या स्थितीत डोस दुप्पट करणे मला धोक्याचे वाटते. खाद्य बदलल्याचे डॉक्टरांना सांगितले आहे का? नसेल तर आजच सांगा, फोन लागेना तर वहीच्या पानाचा फोटो पाठवा. एरवीही ग्लार्जिनचा डोस पाव किंवा अर्ध्या युनिटाने आणि मध्ये पाच-सात दिवस जाऊ देऊन बदलतात. नुसते चिकन मात्र पूर्ण आहार म्हणून देऊ नका, त्यात टॉरिन (मांजराला अन्नातून मिळावेच लागणारे एक अमिनो आम्ल) पुरेसे मिळेलच असे नाही.

ग्लुकोमीटरबद्दल : माणसाच्या रक्तातल्या ग्लुकोजपैकी सुमारे ५८ टक्के प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ द्रवात) आणि बाकीचे तांबड्या पेशींत असते, मांजराच्या बाबतीत सुमारे ९३ टक्के प्लाझ्मातच असते. माणसांचे यंत्र माणसांच्या हिशेबाने आकडा काढते, म्हणून मांजराचा आकडा बहुधा कमी येतो. त्याने वही निरुपयोगी होत नाही. मात्र यंत्र एकच ठेवा, स्ट्रिपही त्याच यंत्राच्या वापरा आणि वहीच्या पहिल्या पानावर कोणते यंत्र ते लिहून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना दोन यंत्रांची सरमिसळ होणार नाही. यंत्र कमी दाखवते म्हणून ५५ ला ‘खरे तर ७५ असेल’ असे मनाशी म्हणत बसू नका. कमी आकडा खरा धरूनच वागायचे.

दुपारच्या एकटेपणासाठी सासूबाईंना टोचायला शिकवण्यापेक्षा साखर फार उतरल्याची लक्षणे ओळखायला शिकवा : झोकांड्या खाणे, एकाएकी आधाशासारखे खायला मागणे, हाक मारली तरी न उठणे, अंगाला कंप. असे दिसले तर मध किंवा ग्लुकोजचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचे, तोंडात ओतायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शुद्धीवर असेल तर खायला द्यायचे आणि दवाखाना गाठायचा. मधाची छोटी बाटली आमच्याकडे फ्रिजवर ठेवलेली असायची. साखर सतत चढी राहिली किंवा त्याने खाणे सोडले, तर लघवीत कीटोनची पट्टी बुडवून पाहा. कीटोन दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर.

सेन्सर आम्ही दोनदा लावला. खांद्यामागचे केस काढून डॉक्टरांनी बसवला. कागदोपत्री तो १४ दिवसांचा, आमच्याकडे एकदा नऊ दिवस टिकला आणि एकदा चौथ्या दिवशी तिने मागच्या पायाने खरवडून काढला. तो रक्तातली नव्हे तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून साखर झरझर बदलत असताना काही मिनिटे मागे असतो. कमी आकडा दिसला की कानाच्या थेंबावर खात्री करायची. खर्च परवडत असेल तर डोस बदलल्यानंतरच्या आठवड्यात लावा, सगळ्यात उपयोग तेव्हाच होतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद, शनिवार :

मनापासून आभार. खाद्याचा आणि या आकड्यांचा संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता, आणि डॉक्टरांनाही मी ते सांगितले नव्हते, ही चूक माझी. काल संध्याकाळी वहीची पाने पाठवली आणि थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. खाद्य बदलल्याचे ऐकताच त्यांनी २ युनिटची सूचना मागे घेतली आणि डोस अर्धा युनिट केला. इन्सुलिनच्या आधी आमच्या यंत्रावर १५० पेक्षा कमी दिसले, तर इंजेक्शन न देता त्यांना कळवायचे, असेही ठरले. अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेल्या ०.३ मिलीच्या सिरिंज शोधायला तीन दुकाने फिरावी लागली, टोपण नारिंगीच आहे हे सासूबाईंनी पुन्हा तपासले.

काल संध्याकाळी सातला २१८ होती, अर्धा युनिट दिले. आज सकाळी २०३, तेवढेच दिले. आज सुट्टी असल्याने दुपारी एकलाही मोजली, १२४. सासूबाईंनी मधाची बाटली आपल्या खाटेशेजारच्या कपाटावर ठेवली आहे आणि लक्षणांची यादी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आहे. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर सेन्सर बसवणार आहेत. त्याआधी उद्या रविवारी पुन्हा सकाळी सातपासून दर दोन तासांनी मोजणार आहे, या वेळी ओल्या खाद्यावरचे आकडे म्हणून. रात्री ते इथेच लिहीन; दुपारच्या आकड्यांकडे आपण एकदा नजर टाकावी, ही विनंती.