घावनात बांगडा, वर कैरी: तुमच्या घरातल्या मेक्सिकन जेवणाचे अनुभव लिहा

खाडीकाठ

काल संध्याकाळी पाचला लाइट गेली ती रात्री साडेदहाला आली. मिक्सर बंद, आणि लेकाने सकाळपासून "आज टाको" म्हणून घोशा लावलेला. शेवटी पडवीतला पाटा धुतला. तव्यावर साल काळी पडेपर्यंत भाजलेले चार टोमॅटो, लसूण, दोन हिरव्या मिरच्या आणि मीठ एवढंच वाटायला घेतलं. वरवंटा दोनदा फिरला आणि एकदम काका डोळ्यांसमोर आले.

काका बोटीवर होते. वर्षातून एकदा, गणपतीला, देवगडला घरी यायचे. १९८७ साली आजी अशीच पाट्याशी बसली होती आणि काका तिच्या बाजूला पाटावर. म्हणाले, "आये, मेक्सिकोतल्या पाट्याक तीन पाय असतत." आजी मान वर न करता म्हणाली, "मगे तो धावता काय?" आम्ही पोरं हसून लोळलो.

मग त्यांनी तिथल्या व्हेराक्रूझ बंदरातल्या टाकोचं सांगितलं. मक्याची हाताएवढी भाकरी, त्यात तळलेला मासा, कच्चा कांदा, कोथिंबीर, मिरचीचं वाटण, वर लिंबू, आणि उभ्या उभ्या खायचं. विसर्जन होऊन गेलं होतं, घरात बांगडे आले होते. आजीने काही न बोलता घावन घातले, तळलेल्या बांगड्याचे काटे काढले, घावनात मासा, कांदा, कैरीच्या फोडी असं भरून दुमडून काकांच्या हातात दिलं. काकांनी एक घास घेतला आणि कितीतरी वेळ माडांकडे बघत बसले. नंतर म्हणाले, "ह्याच ता."

काका गेल्या चैत्रात गेले. काल रात्री मेणबत्तीच्या उजेडात आम्ही तेच खाल्लं.

आता आमच्याकडे आठवड्यातून एकदा असतंच. एक वाटी तांदळाचं पीठ, साधारण दोन वाट्या पाणी, मीठ. बिडाच्या तव्यावर पातळ घावन, झाकण ठेवून, आणि काढल्यावर लगेच फडक्यात गुंडाळायचे, नाहीतर दुमडताना चिरतात. मासा नसला की शिजवलेली चवळी कांदा-लसूण-जिऱ्याच्या फोडणीत ठेचून कोरडी करायची. मेक्सिकोत घेवड्याच्या दाण्यांचं असंच करतात. अर्ध्या तासात चौघांचं जेवण.

तुमच्या घरात हे कुठून आलं, कसं करता, काय फसलं, सगळं लिहा.

बिडाचा तवा

काकांबद्दल वाईट वाटलं. "ह्याच ता" वाचून डोळे भरले. आमचे आजोबाही बोटीवर होते, पण ते आले की फक्त आमटी-भात मागायचे, परदेशातलं नाव काढायचे नाहीत. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सुकटवाली

ह्या वाचून माका भूक लागली. आमच्या आयेन कधी टाको म्हटल्यान नाय, पण शाळेतसून इलंव की घावनात सुकट-कांदो घालून हातार दिल्यान. म्हणजे आमी जल्मापासून मेक्सिकनच!

ओटीवरून

सुकटवाली, गंमत म्हणजे तिकडेही सुकवलेली कोळंबी खातात. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत सुकी कोळंबी कुटून, अंड्यात घोळवून वडे तळतात आणि मिरचीच्या रश्शात सोडतात. मी सोड्यांचे केले. सोडे कोरडे भाजून, मिक्सरला फिरवून, दोन अंडी फेसून. रस्सा मात्र आपला, खोबऱ्याचा. जून-जुलैत बंदी असते, ताजा मासा मिळत नाही, तेव्हा हे फार उपयोगी. फक्त मीठ घालू नका, सोड्यांत असतं तेवढं पुरतं. पहिल्यांदा मी घातलं आणि सासऱ्यांनी तीन तांबे पाणी प्यायलं.

चिपळूणकरीण

माझा मुद्दा मक्याचा. मी दोन वर्षं मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापत होते आणि दर वेळी कडा फाटायच्या, दुमडली की दोन तुकडे. गरम पाणी, मैदा, उकडलेला बटाटा, सगळं करून झालं. मग नात्यातल्या एका मुलीने सांगितलं की तिकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. तिथलाच शब्द आहे, निश्तामाल.

केलं ते असं: अर्धा किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न नाही, ते चालतच नाही), दीड लिटर पाणी, एक लहान चमचा खायचा चुना, साधा, काही न मिसळलेला. स्टीलचंच भांडं. ॲल्युमिनियम नको, चुना त्याला खातो. पाऊण तास मंद उकळलं, रात्रभर तसंच झाकून ठेवलं. सकाळी पाणी हळदीसारखं पिवळं आणि दाण्यांची सालं बोटाने सुटत होती. तीन-चार पाण्यांनी चोळून धुतलं आणि ओलंच वाटलं.

तो वास! ओल्या मातीचा आणि भाजक्या कणसाचा मिळून असावा तसा. पिठाचा गोळा न चिरता थापला गेला. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पोळपाटाने दाबला, तव्यावर टाकला, तर फुगला चक्क. मी एकटीच होते घरात, तरी मोठ्याने "फुगली!" म्हटलं.

आणि हे फक्त चवीसाठी नाही. मक्यातलं एक ब जीवनसत्त्व, नायासिन, चुन्याशिवाय फारसं अंगाला लागत नाही. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही. जिथे गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगली तिथे पेलाग्रा नावाचा आजार झाला, कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा. मेक्सिकोच्या बायका हजारो वर्षं बरोबर करत होत्या. मला हे कळल्यापासून मका धुताना त्यांचा आदर वाटतो.

माडाची सावली

चुना?? पोटाला त्रास नाही का होत? आमच्याकडे चार वर्षांचा मुलगा आहे.

चिपळूणकरीण

नाही होत, नीट धुवायचं फक्त. पाणी नितळ येईपर्यंत. आणि चुना कालवताना मुलांना लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर भाजतो. पानवाल्याकडून सुगंधी वगैरे आणू नका.

वाफाळता भात

आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार मी एकटी स्वयंपाक करते, नवरा रत्नागिरीला, मी आणि दोन मुली गुहागरला. चुना-मका मला जमणार नाही, खरं सांगते. माझा भात. तेलात कांदा-लसूण, त्यात धुतलेले तांदूळ रंग बदलेपर्यंत परतायचे, मग टोमॅटो कच्चाच वाटून तो रस आणि पाणी, मीठ, गाजर, मटार. झाकण. मेक्सिकन घरांत लाल भात असाच करतात, आधी तांदूळ परतणं महत्त्वाचं, त्याने मोकळा होतो. वर उकडलेलं अंडं किंवा काल उरलेली चवळी. मुली डबा धुऊन आणतात इतका पुसून खातात.

बिडाचा तवा

आले परत. चवळीऐवजी राजमा घेणाऱ्यांसाठी एक: राजमा भिजवून ते पाणी टाका आणि नीट खळखळून शिजवा. कच्चट राहिला तर उलट्या होतात. आमच्या इमारतीत एका डोहाळजेवणाला झालंय असं, अर्धवट शिजलेला राजमा सॅलडमध्ये घातलेला.

डोहाळजेवणावरून आठवलं, कोणाला ओटीच्या जुन्या गाण्यांची वही हवी होती ना मागे? मिळालीय, फोटो पाठवते.

माडाची सावली

हो हो, मलाच हवी होती! नणंदेचं आहे २० तारखेला.

पातोळी

घावनापेक्षा मला वेगळंच साम्य दिसलं. तामालेस. मक्याच्या मळलेल्या पिठात सारण भरून कणसाच्या सालीत बांधून उकडतात, आणि वाहाका, व्हेराक्रूझकडे केळीच्या पानात. म्हणजे नागपंचमीचे पातोळेच की! गेल्या वर्षी हळदीच्या पानांची जुडी उरली होती, तर तांदळाच्या पिठीवर गुळखोबऱ्याऐवजी कोळंबीचं सुकं पसरलं आणि पान दुमडून उकडलं. घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, हळदीच्या पानाला कोळंबी लावू नये, ते देवाचं पान. मला त्यांचं पटलं. आता तिखट असेल तर केळीचं पान, गोड असेल तर हळदीचं. दोघी खूश, आणि केळीच्या पानातली कोळंबी त्यांनीच जास्त खाल्ली.

खारा वारा

थोडा विरोधी सूर लावतो. घावनात मासा घातला की तो घावन-मासा. त्याला टाको का म्हणायचं? आपल्या पदार्थाला परकं नाव दिलं की मुलं ते खातात आणि घावन म्हटलं की नाक मुरडतात, हे मी घरात पाहिलंय आणि मला त्याचा त्रास होतो.

खाडीकाठ

खारा वारा, तुमचं म्हणणं कळतं. आजीनेही त्याला नाव दिलं नव्हतं. माझा लेक मात्र टाकोच्या निमित्ताने घावन घालायला शिकला, स्वतः. १२ वर्षांचा आहे, जाळी छान पाडतो.

खारा वारा

मग माझा विरोध संपला. १२ व्या वर्षी जाळी पडते म्हणजे मोठीच गोष्ट. मला पन्नाशीत नाही पडत.

बिडाचा तवा

तवा नीट तापत नसेल. पाण्याचा थेंब टाका, नाचत पळाला की घाला. आणि पीठ उंचावरून, बाहेरून आत.

ओटीवरून

नावाचं म्हणाल तर मिरची, टोमॅटो, मका, पेरू, पपई, चिकू, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. "टोमॅटो" शब्दसुद्धा तिथल्या नावात्ल भाषेतला. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. आणि राजगिरा! उपासाच्या राजगिऱ्याच्या लाडवासारखीच वडी मेक्सिकोत मधात करतात, नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. उलट तिकडे आंबा गेला तो फिलिपीन्सहून, मनिलाच्या गलबतांतून आकापुल्कोला. तिथेही फोडींवर तिखट-मीठ-लिंबू घालून रस्त्यावर विकतात. आणि कोलिमाच्या किनाऱ्यावर माडाची ताडी काढतात, तीही फिलिपिनो खलाश्यांनी नेलेली. समुद्राकाठची माणसं एकमेकांचं खाणं न विचारता घेत आलीत. मला हे फार आवडतं.

सुकटवाली

माडाचा नाव इला की आमचे घोव जागे झाले. कोलिमाक गाडी कधी सुटता विचारतत.

वाफाळता भात

😂😂

हिरवी काजूगर

अवोकाडो कोणी कुठून घेतं का? कुडाळला मिळाला तर दगडासारखा, चार दिवस तांदळात ठेवला तर आतून काळा. दोनशे रुपये गेले, वाईट वाटलं. आता मी शहाळ्याची जाडसर मलई घेते. बारीक चिरून, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, भरपूर लिंबू, मीठ, दहा मिनिटं मुरू द्यायची. हे अवोकाडोचं ग्वाकामोले नव्हे, त्याची बरोबरी करायची नाहीच. पण तळलेल्या माशाबरोबर थंडगार लागतं. कोणीतरी विचारेल म्हणून सांगते: लिंबात मुरवलेला कच्चा मासा मी मुलांना देत नाही. लिंबाने मासा पांढरा होतो, शिजत नाही.

माडाची सावली

हे करणार! लहानग्याला मलई आवडते. मिरची वगळून.

अंबाडीचं फूल

मी मे महिन्यात गावी असते, वेंगुर्ल्याजवळ. अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत करते, वाळवून ठेवलेली असतात. मेक्सिकोत हेच रोज पितात, 'हमाइका' म्हणतात. बोंडं उकळून, गाळून, साखर, थंड पाणी. जेवणाबरोबर सोलकढीच्या शेजारी ठेवलं तर पाहुणे आधी लालच उचलतात. टाको वगैरे मी अजून केला नाही, उद्या करते.

खाडीकाठ, एक विचारू? गणपतीत कैरी कुठली? आमच्याकडे तोवर झाडावर पानंच.

खाडीकाठ

बरोबर की! हे मला इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही. चव तर अजून जिभेवर आहे, आंबट आणि खारट. थांबा, काकूंना फोन करते.

पातोळी

बिंबलं असतील.

बिडाचा तवा

किंवा करमळ?

खाडीकाठ

बोलले काकूंशी. अर्धा तास. पहिल्यांदाच त्या काका गेल्यापासून एवढं मोकळं बोलल्या. म्हणाल्या, "गो, ती खारातली कैरी. मे महिन्यात तुझ्या आजीन भरणीत घातलेली, ह्यांच्यासाठीच ठेवल्यान." खारातली कैरी आजी कोणाला हात लावू द्यायची नाही, ते आता आठवलं.

काकू अजून घालतात. एक भरणी तशीच आहे, काढली नाही म्हणाल्या. शनिवारी देवगडला जातेय, लेकाला घेऊन. तवा इथूनच नेते, त्यांचा जड झालाय त्यांना.

अंबाडीचं फूल

जा नक्की. आणि येताना खाराचं प्रमाण विचारून या, माझी दर वर्षी मऊ पडते.