ब्राउन्सचा इतिहास नक्की कुणाच्या नावावर?

खडूफळा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी मित्राकडे रेव्हन्स-ब्राउन्स मॅच बघायला जमलो होतो. (अमेरिकन फुटबॉल. हाताने खेळतात त्याला फुटबॉल का म्हणायचं, हा विषय कृपया इथे नको.) मध्यंतरात जो वाद पेटला तो पिझ्झा संपला तरी विझेना, म्हणून इथे आणलाय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: क्लीव्हलंड ब्राउन्स ही १९४६ पासून खेळणारी टीम. मालक आर्ट मॉडेल यांनी ६ नोव्हेंबर १९९५ ला जाहीर केलं की टीम उचलून बाल्टिमोरला नेणार. शहर कोर्टात गेलं, चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. मॉडेलनी खेळाडू, करार, ऑफिस, सगळा संसार न्यावा; पण 'ब्राउन्स' हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि १९४६ पासूनचे सगळे विक्रम क्लीव्हलंडलाच राहतील. लीग (एनएफएल, या खेळाची मोठी लीग) १९९९ पर्यंत तिथे टीम देईल. त्यामुळे बाल्टिमोरची टीम रेव्हन्स झाली आणि कागदोपत्री ती १९९६ ची 'नवी' टीम ठरली.

माझ्या मते ही शुद्ध कागदी करामत आहे. ऑझी न्यूसम १९७८ ते १९९० ब्राउन्सकडून खेळला, मग तिथेच ऑफिसात बसला, तिथूनच बाल्टिमोरला गेला. १९९६ च्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) त्याने पहिल्या फेरीत जोनाथन ऑग्डन आणि रे लुईस असे दोन खेळाडू उचलले. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. लुईस ज्या २६ व्या क्रमांकावर मिळाला, तो क्रमांक क्लीव्हलंडने १९९५ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोशी सौदा करून मिळवला होता. म्हणजे पेरलं क्लीव्हलंडला एरी तळ्याच्या काठी आणि पीक निघालं बाल्टिमोरला चेसापीकच्या उपसागराकाठी: जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल (लीगचा अंतिम सामना), ३४-७.

आणि १९९९ ची ब्राउन्स? मालक नवा, स्टेडियम नवं, निम्मे खेळाडू दुसऱ्यांनी सोडून दिलेले. पहिलीच मॅच पिट्सबर्गकडून ४३-० ने हरले. या टीमचा जुन्या ब्राउन्सच्या जिम ब्राउनसारख्या दिग्गजाशी संबंध काय? हेल्मेटचा रंग.

एरीकाठची

मी २००३ पासून क्लीव्हलंडच्या एका उपनगरात राहते, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या बेसमेंटमध्ये एक बाक आहे. बाक म्हणजे काय, जेमतेम चार फूट फळी. रंग उडालेला, एका टोकाला करवतीचे वेडेवाकडे दात. १७ डिसेंबर १९९५ ला जुन्या स्टेडियममधली शेवटची मॅच झाली, सिनसिनाटीविरुद्ध. ब्राउन्स २६-१० जिंकले. पण लोक मॅच बघायला आलेच नव्हते, ते सामान आवरायला आले होते. करवती, पाने, हातोड्या घेऊन. मैदानात खुर्च्या उडत होत्या. मॅच संपल्यावर खेळाडू 'डॉग पाउंड' म्हणतात त्या स्टँडकडे धावत गेले आणि प्रेक्षकांच्या गळ्यात पडले. आजोबा त्याच स्टँडमधले. फळी कोटाखाली घालून आणली म्हणतात. चार फुटांची फळी कोटाखाली कशी मावली हे मी विचारलेलं नाही.

तुम्ही विचारताय, संबंध काय? मॉडेलनी ६ तारखेला टीम नेत असल्याचं सांगितलं. ७ तारखेला इथे मतदान होतं: दारू-सिगारेटवरचा कर चालू ठेवून त्यातून याच स्टेडियमची दुरुस्ती करायची की नाही. लोकांनी भरघोस मतांनी 'करायची' म्हणून सांगितलं. टीम जाणार हे कळल्यानंतर! ज्यांनी खिशात हात घातला, त्यांना तुम्ही हेल्मेटचा रंग म्हणताय.

सातारकर

खडूफळा, तुमचा सगळा युक्तिवाद रक्ताच्या नात्यावर उभा आहे. आपल्याकडे गादी फक्त रक्ताने चालते असं कोणी सांगितलं? दत्तक घेतला की नाव, गोत्र, देव्हारा सगळं त्याचं. १९९९ ची ब्राउन्स हा दत्तक मुलगा. घरात जन्मला नाही, पण कुलाचार तोच चालवतो.

दत्तक वारस मानायचा नाही, हा विचार डलहौसीचा. अप्पासाहेब महाराजांनी घेतलेला दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा खालसा केला, तो याच न्यायाने. तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात ते बघा बुवा.

खडूफळा

डलहौसी! एवढ्या लवकर तिथपर्यंत जाऊ असं वाटलं नव्हतं.

पण दाखला घ्यायचा तर पुरता घ्या. दत्तक घेतात तो पोटी मुलगा नसताना. इथे मुलगा धडधाकट होता, बाल्टिमोरला पोटापाण्याला गेला होता आणि तिकडे दोन सुपर बोल जिंकून बसला. त्याच्या हयातीत सातबाऱ्यावरून त्याचं नाव खोडून तीन वर्षांनी भलत्याचं चढवलं. याला दत्तकविधान म्हणत नाहीत, तलाठ्याला हाताशी धरणं म्हणतात.

आणि एरीकाठची, तुमच्या आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो: १९४५ चं विजेतेपद क्लीव्हलंडमध्येच आलं होतं, पण रॅम्सचं. जिंकल्या जिंकल्या रॅम्स लॉस एंजेलिसला निघून गेले. तो इतिहास आजही रॅम्सच्याच खात्यात आहे. तेव्हा कुणी करवती का नाही काढल्या?

एरीकाठची

कारण त्याच वर्षी प्रशिक्षक पॉल ब्राउन नवी टीम घेऊन उभे होते. नव्या ऑल-अमेरिका लीगमध्ये १९४६ ते १९४९ चारही वर्षं तेच विजेते. १९४९ च्या अखेरीस ती लीग मोडली आणि १९५० मध्ये ब्राउन्स एनएफएलमध्ये आले. मोठ्या लीगवाले म्हणाले, आता कळेल यांना. पहिल्याच वर्षी अंतिम सामना कुणाशी? त्याच पळून गेलेल्या रॅम्सशी, क्लीव्हलंडच्याच मैदानात. २८ सेकंद उरलेले असताना लू ग्रोझाने फील्ड गोल मारला आणि ३०-२८. करवतीपेक्षा हे बरं, नाही का?

आणि ओळख म्हणाल तर मला विजेतेपदांपेक्षा १९४६ चीच गोष्ट मोठी वाटते. त्याआधी डझनभर वर्षं मोठ्या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. पॉल ब्राउन यांनी मॅरियन मॉटली आणि बिल विलिस यांना घेतलं, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये उतरला त्याच्या एक वर्ष आधी. मायामीतल्या मॅचला दोघांना मागे ठेवून जावं लागलं, कारण तिकडे काळे-गोरे एकत्र खेळणं चालत नव्हतं. ही गोष्ट बाल्टिमोरच्या भिंतीवर लावून काय करणार? तिथे ती फक्त माहिती होईल.

खडूफळा

रॅम्सनीही त्याच वर्षी केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेतलं होतं, तेवढं नोंदवून ठेवतो. बाकी ग्रोझाची गोष्ट झकास.

क्रिकेटवेडा

मग डेक्कन चार्जर्सचं २००९ चं आयपीएल सनरायझर्सच्या खात्यात धरायचं का? शहर तेच, हैदराबाद.

सातारकर

नाही. तिथे मालकही बदलला, नावही बदललं आणि कुणी मागितलंही नाही. क्लीव्हलंडने मागितलं, भांडून घेतलं. फरक तो आहे.

खेकडापुराण

मी बाल्टिमोरजवळ राहतो, रेव्हन्सचा चाहता. तरीही धागाकर्त्याशी असहमत. कारण सांगतो.

आमची टीम होती कोल्ट्स. २८ मार्च १९८४ च्या रात्री मालक बॉब अर्से यांनी मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक बोलावले आणि बर्फाळ पावसात सगळं सामान भरून इंडियानापोलिसला पसार. सरकार टीम ताब्यात घेण्याचा कायदा करत होतं, म्हणून ही घाई. सकाळी लोक उठले तर ऑफिस रिकामं. नाव गेलं, घोड्याच्या नालाचं बोधचिन्ह गेलं, विक्रम गेले. आमच्याकडे तडजोड वगैरे काही झाली नाही.

आता तुमचा नियम लावा: टीम जाईल तिथे इतिहास जाईल. मग कोल्ट्सचा दिग्गज जॉनी युनायटस कुणाचा? रेकॉर्ड बुकात आजही तो इंडियानापोलिसच्या यादीत आहे. तो स्वतः जाहीरपणे सांगायचा की त्या टीमशी माझा काही संबंध नाही. पुढे रेव्हन्सच्या मॅचला मैदानाच्या कडेला उभा असायचा. त्याचा पुतळा आमच्या स्टेडियमबाहेर आहे, जिथे तो एकही मॅच खेळला नाही.

त्याहून भारी गोष्ट बँडची. कोल्ट्सचा वाजंत्री ताफा होता. ट्रक आले त्या रात्री त्यांचे गणवेश धुलाईला टाकलेले होते, म्हणून वाचले. बँडवाल्यांनी ते तिथून परस्पर उचलले आणि चक्क स्मशानभूमीत लपवून ठेवले. मग टीम नसलेला बँड बारा वर्षं वाजत राहिला. मिरवणुकांत, दुसऱ्यांच्या मॅचच्या मध्यंतरात. वरात गेली, नवरदेव गेला, वाजंत्री मागे राहिले. आज तोच बँड रेव्हन्ससाठी वाजवतो.

१९९४ मध्ये कॅनडाच्या लीगने आम्हाला एक टीम दिली. नाव ठेवलं कोल्ट्स, तर एनएफएल आणि इंडियानापोलिसवाले कोर्टात गेले आणि नाव बंद पाडलं. मग मैदानातला निवेदक 'तुमचे बाल्टिमोर...' म्हणून थांबायचा आणि पब्लिक ओरडायचं, 'कोल्ट्स!' कोर्टाला काय करता येणार होतं त्याचं?

खडूफळा

गोष्ट ऐकून गलबलून आलं, खरं सांगतो. पण हेच लोक १९९५ मध्ये क्लीव्हलंडची टीम येतेय म्हणून नाचले ना? स्वतःच्या घरी चोरी झाली म्हणून शेजारच्या गावातल्या घराचं कुलूप तोडायचं?

खेकडापुराण

हो. नाचलो. लाज वाटली, पण लाज वाटत वाटत नाचलो. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मॅचेस टीव्हीवर बघितल्या की माणूस फार तत्त्वाचा राहत नाही.

म्हणूनच सांगतो, जिम ब्राउन आम्हाला नको. त्याने धावून मिळवलेली १२,३१२ यार्डं आमच्या यादीत असती तर रोज सकाळी चोरीचा माल बघितल्यासारखं झालं असतं. आमचं नाव एडगर ॲलन पोच्या कवितेवरून आलंय, तो इथेच वारला, इथेच पुरलाय. तेवढं आम्हाला पुरे.

माहेरची साडी

ह्यूस्टनचं कुणी बोलणार का? ऑइलर्स १९९७ मध्ये टेनेसीला गेले, १९९९ मध्ये टायटन्स झाले, आणि सगळे विक्रम सोबत घेऊन गेले. डिसेंबर २०२३ मध्ये टायटन्सनी ऑइलर्सचा फिकट निळा गणवेश घातला, आणि कुणाविरुद्ध? ह्यूस्टनच्याच टेक्सन्सविरुद्ध. घटस्फोटानंतर पहिल्या बायकोची पैठणी दुसरीला नेसवून तिच्याच माहेरच्या लग्नात मिरवण्याचा प्रकार. टेक्सन्सनी जादा वेळेत १९-१६ ने हरवलं तेव्हा आमच्या घरी, आणि आम्ही ह्यूस्टनचेही नाही, पेढे वाटले.

सातारकर

पैठणीच्या दाखल्यापुढे माझा डलहौसी फिका पडला. हार मान्य.

खडूफळा

ठीक आहे, थोडा मागे सरकतो. ह्यूस्टनचा गणवेश घालणं बेशरमपणाचं, मान्य. युनायटसही इंडियानापोलिसचा वाटत नाही, मान्य. मग माझ्या नियमात कुठेतरी पाणी मुरतंय, तेही मान्य.

पण एक गोष्ट अजून पटत नाही. क्लीव्हलंडने नाव राखलं ते टीमच्या प्रेमापोटी, यात शंका नाही. पण त्या तडजोडीने लीगला काय मिळालं बघा. शहराचा दावा मिटला. स्टेडियमचा करारनामा १९९८ पर्यंतचा होता, तो मोडल्याबद्दल लीगवर जे शेकलं असतं ते टळलं. टीम हलवण्यावर सगळ्या टीमच्या मालकांचं मतदान झालं, त्यात फक्त पिट्सबर्ग आणि बफेलो विरोधात गेले. आणि १९९८ मध्ये तीच 'ब्राउन्स' ही पाटी नव्या मालकाला ५३ कोटी डॉलर्सना विकली! मॉडेलनी १९६१ मध्ये पूर्ण टीम ४० लाखांच्या आसपास घेतली होती. आठवणी लोकांच्या, गल्ला लीगचा. तुमच्या आजोबांचा इतिहास त्यांनाच परत विकला, आणि तोही तिकिटामागे दर रविवारी.

एरीकाठची

यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०१७ मध्ये १६ पैकी १६ मॅच हरले तेव्हा आजोबाही साधारण हेच म्हणाले होते, फक्त शब्द इथे लिहिण्यासारखे नव्हते. आणि २०२४ मध्ये आताच्या मालकांनी शहराबाहेर, ब्रूक पार्कमध्ये छप्परवालं स्टेडियम बांधायचं जाहीर केलं, तेव्हा शहर पुन्हा कोर्टात. मॉडेल गेल्यावर ओहायोने खास कायदा केला होता, त्याला लोक 'मॉडेल कायदा' म्हणतात, तोच बाहेर काढला. म्हणजे गाव तेच, भांडण तेच.

तरी एक सांगते. जुनं स्टेडियम १९९६ मध्ये पाडायला घेतलं, त्याचं काँक्रीट एरी तळ्यात नेऊन टाकलं, माशांना आसरा म्हणून. आजोबा उन्हाळ्यात बोट घेऊन तिकडेच गळ टाकायला जातात. मासा लागला की म्हणतात, हा डॉग पाउंडमधला.

खेकडापुराण

४३-० वाली मॅच बघितली होती का त्यांनी?

एरीकाठची

मी तेव्हा नव्हते इथे. पण आजी सांगतात, त्याच फळीवर बसून बघितली, तिसऱ्या क्वार्टरला टीव्ही बंद करून गवत कापायला गेले. पुढच्या रविवारी पुन्हा फळीवर.

खडूफळा

पुढच्या मॅचला मी क्लीव्हलंडमध्ये असेन. फळीवर बसू देतील का?

एरीकाठची

विचारून सांगते. अंगावर रेव्हन्सचं जांभळं काही घालून येऊ नका म्हणजे झालं.