'सेपरेटेड'ला मराठीत काय म्हणावं?

मावसबहिणीचा एक अर्ज भरून देत होते. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात इंग्रजीत 'सेपरेटेड' आणि त्याच्या शेजारी मराठीत 'घटस्फोटित' छापलेलं. ती तीन वर्षं नवऱ्यापासून वेगळी राहते, पण घटस्फोट झालेला नाही. मग खूण कशावर करायची?

हिंदू विवाह कायद्याच्या (1955) कलम 10 नुसार कोर्टाने 'ज्युडिशियल सेपरेशन' मंजूर केलं तरी लग्न कायमच असतं. एकत्र राहण्याचं बंधन तेवढं सुटतं. दुसरं लग्न दोघांनाही करता येत नाही. त्यामुळे 'घटस्फोटित' हे भाषांतर सरळ चूक आहे. काडीमोड, सोडचिठ्ठी हे शब्दही बाद, कारण त्यांत नातं कायमचं मोडतं. फारकत मला जवळची वाटली होती, पण फारकत म्हणजे मुळात मोकळं केल्याचा कागद. आमच्याकडे 'तिची फारकत झाली' म्हटलं की लोक घटस्फोटच समजतात.

सरकारी योजनांच्या यादीत आणखी एक शब्द भेटतो, 'परित्यक्ता'. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार अशी ओळ आहे. ज्या बाईला नवऱ्याने खरोखर टाकलं, तिला या शब्दामुळे मदत मिळते, म्हणून तो हवाच. पण माझी बहीण मार खाऊन स्वतः बाहेर पडली. तिला कुणी टाकलेलं नाही. हा शब्द तिचा निर्णय तिच्याकडून काढून घेतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

बोलीत आपण 'ती नांदत नाही' म्हणतो. इथेही तेच. बाई नांदते, पुरुष नांदवतो. 'तो नांदत नाही' असं मी कधी ऐकलं नाही.

राहिला 'विभक्त'. हा दोघांनाही सारखाच लागू पडतो, कुणी कुणाला सोडलं याचा निवाडा करत नाही. अडचण एकच: 'विभक्त कुटुंब' म्हटलं की आईवडील आणि मुलं एवढंच छोटं कुटुंब डोळ्यांपुढे येतं. म्हणून 'पतीपासून विभक्त', 'पत्नीपासून विभक्त' असं पूर्ण लिहावं. 'वेगळे राहणारे' हे सोपं आहे, पण त्यातून फक्त पत्ता वेगळा एवढंच कळतं. नोकरीसाठी एक पुण्यात आणि एक नागपुरात असलेलं जोडपंही वेगळंच राहतं. उलट, परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळं राहण्याची जी अट आहे, तिच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं की एकाच छपराखाली राहूनही नवरा-बायको वेगळे असू शकतात. ते पती-पत्नी म्हणून राहत नाहीत, हे महत्त्वाचं.

अर्जात मी छापील शब्द खोडून 'पतीपासून विभक्त, घटस्फोट नाही' असं लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि सही केली. तुमच्या भागात स्वतःहून बाहेर पडलेल्या बाईसाठी वेगळा शब्द असेल तर जरूर सांगा.