मदत हवी आहे: मतपत्रिकेवर गव्हर्नरच नाही!

अडकित्ता (११ जून २०२५, सकाळी ७:४०)
घाईत लिहितोय, चुभूद्याघ्या. नमुना मतपत्रिका प्रिंट करून समोर ठेवली आहे. वर लेफ्टनंट गव्हर्नरसाठी (म्हणजे उपगव्हर्नर) सहा नावं, खाली ॲटर्नी जनरलसाठी (राज्याचा मुख्य सरकारी वकील) दोन. मागे कोरं. गव्हर्नर कुठाय? दोन महिने कोपऱ्याकोपऱ्यावर गव्हर्नरच्या पाट्या बघतोय! बरं, सगळी नावं एकाच पक्षाची. चुकीचा कागद आलाय का? बायकोचाही तसाच आहे. आणि तिथे गेल्यावर पक्ष सांगावा लागतो म्हणे. मग मी त्या पक्षाचा सभासद होणार का? अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यावर पहिलंच मतदान आहे, शनिवारी उरकायचंय. राजकारण नको, उत्तर द्या.

निवांत (८:०२)
राज्य?

जर्सीकर (८:१५)
काहीतरी घोळ आहे. मी कालच प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) मत देऊन आलो. आमच्याकडे उलट, गव्हर्नरसाठी डेमोक्रॅटांत सहा जण होते आणि लेफ्टनंट गव्हर्नर मतपत्रिकेवर नव्हताच. प्रायमरी जिंकणारा आपला जोडीदार नंतर निवडतो. मुळात न्यू जर्सीत हे पदच नवं, २००९ साली पहिल्यांदा निवडणूक झाली. तुम्ही काउंटी क्लार्कला फोन करा, चुकीचा कागद असणार.

सदाशिवपेठी (८:३१)
लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे नायब राज्यपाल ना? त्यांना राष्ट्रपती नेमतात. दिल्ली, पुद्दुचेरी, जम्मू-काश्मीर. निवडणूक कसली?

जर्सीकर (८:३४)
काका, धागा अमेरिकेचा आहे.

सदाशिवपेठी (८:५०)
ते कळलं. मग मराठीत शब्द तरी वेगळा वापरा. इथला माणूस फसतो.

ह्यूस्टनतात्या (९:१०)
सभासदत्वाचं विचारलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं की त्या वर्षी दुसऱ्याच्या रनऑफला (दुसऱ्या फेरीला) जाता येत नाही. ५० टक्क्यांवर कुणी गेलं नाही की मे महिन्यात परत रांग, त्यामुळे विचार करून पक्ष निवडा. आणि लेफ्टनंट गव्हर्नरला हलकं समजू नका. टेक्सासात राज्य सिनेटच्या समित्या तोच नेमतो, कुठलं बिल चर्चेला येणार हे त्याच्या हातात. गव्हर्नरपेक्षा वजनदार.

अडकित्ता (९:२५)
टेक्सास नाही हो! मंगळवारी १७ला प्रायमरी आहे ते राज्य. हर्नडनला राहतो.

निवांत (९:२६)
म्हणजे व्हर्जिनिया. एवढं आधी लिहिलं असतंत तर तात्यांचा वेळ वाचला असता.

रिचमंडची_माई (१०:०५)
अडकित्ता, कागद बरोबर आहे, फाडू नका. ग्रामपंचायतीत एकच अर्ज उरला की काय होतं? बिनविरोध, मतदान नाही. इथेही तेच. गव्हर्नरसाठी डेमोक्रॅटांत ॲबिगेल स्पॅनबर्गर एकट्याच, रिपब्लिकनांत विन्सम अर्ल-सिअर्स एकट्याच. लेफ्टनंट गव्हर्नरला रिपब्लिकनांत दोघे होते, पण पॅट हेरिटींनी एप्रिलमध्ये तब्येतीमुळे माघार घेतली, जॉन रीड उरले. ॲटर्नी जनरललाही त्यांच्याकडे विद्यमान मियारेसच. म्हणून राज्यपातळीवर रिपब्लिकन प्रायमरीच नाही, तुमच्या कागदावर सगळे डेमोक्रॅट. पाट्या दिसतात त्या नोव्हेंबरच्या लढतीच्या.

सभासद वगैरे काही होत नाही. व्हर्जिनियात मतदारनोंदणीत पक्ष लिहितच नाहीत. कुठल्या प्रायमरीत मत दिलंत एवढी नोंद राहते, कुणाला दिलंत ती नाही. नोव्हेंबरात कुणालाही द्या. इथे रनऑफही नाही, ज्याला जास्त मतं तो उमेदवार, मग ती २५ टक्के का असेनात.

अर्ली व्होटिंग (आधीच मत देऊन टाकायची सोय) शनिवारी १४ला संपतं. मंगळवारी जाणार असाल तर सकाळी ६ ते संध्याकाळी ७.

अडकित्ता (१०:२०)
माई, जीव भांड्यात पडला. पण माझा कल खरं तर दुसऱ्या पक्षाकडे आहे. मग जाऊ की नको?

जर्सीकर (१०:२८)
नका जाऊ. दुसऱ्याच्या पंगतीत बसून वाढप्याला सूचना देण्यासारखं आहे ते.

निवांत (१०:४१)
का बरं? कायद्याने चालतं, खर्च सगळ्यांच्या करातून. उद्या जिंकणारा ह्यांचाही लेफ्टनंट गव्हर्नर असणार.

जर्सीकर (१०:४४)
कायद्याने चालतं म्हणून शोभतं असं नाही. मुद्दाम कच्चा उमेदवार पुढे ढकलणारे असतात.

निवांत (१०:५२)
सहा जणांत कच्चा कोण हे ज्याला कळतं त्याने खुशाल ढकलावा.

ह्यूस्टनतात्या (११:१५)
व्हर्जिनियात या पदाला करायला काय असतं म्हणा. पगारही वर्षाला ३६ हजार डॉलर.

रिचमंडची_माई (११:५०)
तात्या, टेक्सासच्या फुटपट्टीने मोजू नका. इथल्या सिनेटमध्ये ४० जण. २०१४त २०-२० झाले तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर नॉर्दम यांच्या मतावर सिनेट डेमोक्रॅटांकडे गेलं. आत्ता २१-१९ आहे, एक जण इकडचा तिकडे झाला की तेच. शिवाय इथे गव्हर्नरला लागोपाठ दुसरी खेप लढवता येत नाही, त्यामुळे पुढच्या रांगेत पहिला हाच माणूस दिसतो. वाइल्डर, केन, नॉर्दम तिघेही याच पायरीवरून चढले. आणि मतदान दोन पदांना वेगवेगळं, जोडी नसते. केन डेमोक्रॅट गव्हर्नर असताना लेफ्टनंट गव्हर्नर बोलिंग रिपब्लिकन होते.

पाणीपुरी७ (१२:३०)
ताई, ओसीआयच्या फोटोला पार्श्वभूमी पांढरी चालते का?

निवांत (१२:३१)
😐

अडकित्ता (१२:४०)
सहा जणांबद्दल दोन-दोन शब्द सांगा कुणीतरी. प्रचार नको.

रिचमंडची_माई (दुपारी १:१५)
गझाला हाश्मी: जन्म हैदराबादचा, लहानपणी जॉर्जियात आल्या, साहित्य शिकवायच्या, आता राज्य सिनेटर. लव्हार स्टोनी: रिचमंडचे माजी महापौर. आरोन राउझ: व्हर्जिनिया बीचचे सिनेटर, आधी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचे. बाबर लतीफ: डोळ्यांचे डॉक्टर, प्रिन्स विल्यमच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष. व्हिक्टर साल्गाडो: माजी सरकारी वकील. ॲलेक्स बस्तानी: कामगार संघटनेतले. मी कुणाला दिलं ते सांगणार नाही.

सदाशिवपेठी (१:४०)
हैदराबादच्या म्हणजे आपल्याच की! मराठवाडाही निजामातच होता.

जर्सीकर (१:४३)
काका, एवढ्या लांबचं नातं लग्नपत्रिकेतही लावत नाहीत.

अडकित्ता (१८ जून, रात्री ९:१०)
अपडेट. शनिवारी जमलं नाही, मंगळवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या जिममध्ये गेलो. बाईंनी पत्ता मोठ्याने म्हणायला लावला, तिथे घर क्रमांकच चुकलो. काळ्या पेनाने लंबगोल इतका घासून भरला की मागे उमटला. यंत्राने कागद गिळला, स्टिकर मिळाला. बायकोने तिचा फ्रीजवर लावलाय, माझा शर्टासकट धुतला गेला.

प्रायमरी हाश्मींनी जिंकली. पहिले तिघेही २६-२७ टक्क्यांत! माई, तुमचं २५ टक्क्यांचं बोलणं थट्टा वाटलं होतं. माझा माणूस तिसरा आला.

ह्यूस्टनतात्या (९:३०)
म्हणूनच रनऑफ हवा.

रिचमंडची_माई (९:३४)
आणि मे महिन्यात परत रांग लावा! तात्या, तुम्ही स्वतः शेवटच्या रनऑफला गेला होतात का?

पाणीपुरी७ (९:५०)
फोटोचं कुणी सांगितलंच नाही.